नऊ कंगोऱ्या

शेजारच्या नर्सबाईंचा फोन आला तेव्हा लेक एका जाड वहीच्या पाठीला सरस लावत होती. पुस्तकबांधणीचं काम असं, की एकदा सरस लावायला घेतला की मध्येच उठता येत नाही. तिनं फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला.

"तुझे बाबा भोपळ्यांना शेक देतायत," नर्सबाई म्हणाल्या.

"काय देतायत?"

"शेक. शेगडीशेजारी ओळीनं मांडून ठेवलेत. रोज सकाळी एकेकाची कूस बदलतात. मी तीस वर्षं पेशंटांच्या कुशी बदलल्या, पण इतक्या प्रेमानं नाही हो बदलल्या. आणि स्वतःचं म्हणशील तर चहा-पाव, नाहीतर पाव-चहा. सदरा खुंटीला टांगल्यासारखा लोंबतोय अंगावर. तू ये बाई. मी सांगून थकले."

आई जाऊन दोन महिने झाले होते. लेक दर आठवड्याला फोन करायची, बाबा दर आठवड्याला "मस्त चाललंय" म्हणायचे. मस्त चाललेल्या माणसाचा आवाज कसा असतो हे काय तिला कळत नव्हतं? पण कामाचा ढीग होता, आणि खरं सांगायचं तर आईविना ते घर बघायचं तिच्या जिवावर आलं होतं. त्या शनिवारी मात्र तिनं सकाळची पहिली बस पकडली.

बाबा सुतार, आई पाट्या रंगवणारी. दोघांचं लग्न जमलं तेच एका पाटीवरून. फळी बाबांनी रंधून दिली होती आणि आईनं ती परत पाठवली होती, चिठ्ठीसकट: ‘फळी वाकडी आहे. अक्षर माझं बदनाम होईल.’ बाबा चिठ्ठी घेऊन भांडायला गेले आणि चहा पिऊन आले. तेव्हापासून आजूबाजूच्या चार रस्त्यांवर जेवढ्या म्हणून दुकानांच्या पाट्या लागल्या, त्यांतली फळी बाबांची आणि अक्षर आईचं. केस कापणारा, चष्मेवाला, दातांचा डॉक्टर, सगळे आईच्या अक्षरात नांदत होते.

घर लांबट. पुढे सुतारकामाची खोली, मध्ये स्वयंपाकघर, मागे दहा पावलांची मातीची पट्टी. त्या पट्टीत आई कंगोऱ्या लावायची. बियांच्या पाकिटावर ‘एकॉर्न स्क्वॉश’ असं भारदस्त नाव होतं, पण ते उच्चारायला या घरात कुणाला सवड होती? गर्द हिरव्या सालीचा, ओंजळीत मावेल एवढा, खालून टोकदार आणि अंगावर उभे कंगोरे असलेला हा भोपळा. म्हणून कंगोरी. बाळ्या, म्हणजे लेकीचा धाकटा भाऊ, एकदा बाजारात जाऊन ठसक्यात "दोन कंगोऱ्या द्या" म्हणाला होता. भाजीवाल्यानं त्याला बांगड्यांच्या दुकानाचा रस्ता दाखवला.

आणि या कंगोऱ्यांवर आई नावं लिहायची. फळ लिंबाएवढं असलं की साल अगदी कोवळी असते. तेव्हा ती वेलापाशी बैठक मारून दाभणाच्या टोकानं हलकेच अक्षरं कोरायची. चिकाचे बारीक थेंब यायचे, ते फडक्यानं टिपायचे, बस. मग फळ वाढायचं आणि त्याच्याबरोबर अक्षरंही वाढायची. खपली धरून, पांढरट, हाताला लागतील अशी उंच व्हायची. पाटी रंगवणाऱ्या बाईला बरोबर ठाऊक असायचं, आज मुंगीएवढा काढलेला काना दीड महिन्यानं केवढा होणार. मुलांना पानं उचलून बघायची बंदी होती. थंडी पडायच्या आधी देठ वाळले, जमिनीला टेकलेला डाग पिवळ्याचा गडद नारिंगी झाला, की तोडणी. त्या दिवशी पानांखालून आपापलं नाव शोधायचं. लेकीचं घरातलं नाव ढमी. लहानपणी ती होतीही तशीच, आणि कंगोरीवरची अक्षरं फुगून तिच्यासारखीच गुबगुबीत व्हायची. बाळ्याच्या नावातला ‘ळ्या’ दरवर्षी वेडावाकडा यायचा, त्यावरून तो दरवर्षी रुसायचा. नर्सबाईंच्या नावाची एक असायची. आणि एकीवर असायचं ‘अहो’. ती बाबांची. आईनं नवऱ्याला जन्मात दुसऱ्या नावानं हाक मारली नव्हती, मग लिहिणार तरी काय?

नियम एकच होता आणि तो मोडायची कुणाची टाप नव्हती: जिच्यावर ज्याचं नाव, ती त्यानंच खायची. दुसऱ्याच्या कंगोरीला सुरी लावायची नाही. बाळ्यानं एकदा ढमीची कंगोरी गुपचूप अर्धी फस्त केली होती, तेव्हा आईनं त्याची अख्खी ढमीला दिली आणि तो रडत असताना शेजारी बसून स्वतःही रडली. पण निकाल बदलला नाही.

हे सगळं लेकीला बसमध्ये आठवत गेलं. खिडकीबाहेर बघत ती एकटीच हसली, मग तिचे डोळे भरून आले. शेजारच्या बाईनं पिशवीतला रुमाल काढून दिला.

दार उघडंच होतं. सुतारकामाच्या खोलीत ऊब होती, लाकडाच्या भुशाचा तोच जुना वास होता आणि त्यात काहीतरी गोडसर, आंबूस मिसळलं होतं. शेगडीपासून खिडकीपर्यंत एक लांब फळी होती. फळीवर दोन-दोन बोटांच्या अंतरानं लाकडी पट्ट्या ठोकल्या होत्या, आणि त्या पट्ट्यांवर कंगोऱ्या. नऊ. प्रत्येकीच्या देठाच्या तोंडाला मेण लावलेलं. बाबा पाठमोरे उभे होते आणि एकीला दोन्ही हातांनी उचलून हळूच फिरवून ठेवत होते. सदऱ्याबद्दल नर्सबाईंनी सांगितलं होतं ते कमीच होतं.

"बाबा."

"आलीस? चहा टाकतो."

"हे काय चाललंय?"

"वाळवतोय," बाबा म्हणाले. "एकसारखी ऊब, खालून वारा, तोंडाला मेण. घाईनं वाळलं की तडा जातो. लाकूड काय आणि हे काय."

लेक जवळ गेली. कंगोऱ्यांची अक्षरं भिंतीकडे होती. तिनं पहिली कंगोरी वळवली. ‘अहो.’ दुसरी वळवली. ‘अहो.’ तिसरी, चौथी. एका कंगोऱ्यावर ‘अ’, पलीकडच्या कंगोऱ्यावर ‘हो’, मध्ये खाच. नऊच्या नऊ जणींवर तेच. ढमी नाही, बाळ्या नाही, नर्सबाई नाहीत.

"सगळ्यांवर तुम्हीच?"

"तोडायला गेलो तेव्हाच बघितलं," बाबा म्हणाले. "ती दवाखान्यात होती. तिथून मला सांगत होती, देठ बोटभर ठेवा, देठाला धरून उचलू नका, व्हिनेगरच्या फडक्यानं पुसा, एकमेकींना चिकटवून ठेवू नका, सफरचंदांजवळ नको. सगळं केलं मी. मागच्या गार खोलीत मांडल्या. पण हे काय लिहून ठेवलंयस, ते विचारायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी ती बोलायचीच थांबली."

लेकीनं मनातल्या मनात हिशेब केला. डॉक्टरांनी आईला खरं काय ते सांगितलं तेव्हा वेलावर लिंबाएवढी फळं धरली असणार. म्हणजे त्याच दिवसांत ती दाभण घेऊन मागे बसली होती.

"मग गार खोलीतून इकडे का आणल्या?"

"तिथे किती दिवस टिकणार? दोन महिने, फार तर तीन. मला टिकवायच्यात. तुंबा वाळवून ठेवतात की नाही वर्षानुवर्षं? तसं. तिनं लिहिलेल्या पाट्या आहेत बाहेर, पण त्या काय, लोकांच्या नावाच्या." बाबांचा आवाज जरा खरखरीत झाला. "हे माझं आहे."

लेकीनं चहा घेतला, पाव खाल्ला, घर झाडलं. पण नाकाला तो आंबूस वास येतच होता. कंगोऱ्यांच्या बाबतीत आई किती हट्टी होती ते तिला चांगलं आठवत होतं. मोठ्या तांबड्या भोपळ्यांना उन्हात ठेवलेलं मानवतं, कंगोरीला नाही. हिला ऊब लागली की ही आतून सुटते, असं आई म्हणायची. बाबा दरवर्षी उन्हात मांडायला निघायचे आणि आई दरवर्षी आडवी यायची. "तुमचं लाकूड मेलेलं असतं," ती म्हणायची, "ही अजून जिवंत आहे."

दुपारी लेक पुन्हा फळीपाशी उभी राहिली. खिडकीच्या टोकाला, जिथे फटीतून गार वारा यायचा, तिथल्या दोन अजून हिरव्या होत्या. पुढच्या चार नारिंगी पडल्या होत्या, म्हणजे आत गराच्या नुसत्या दोऱ्या झालेल्या. आणि शेगडीजवळच्या तीन. त्यांतली एक तिनं उचलायला घेतली आणि तिचा अंगठा सालीतून सरळ आत गेला.

बाबा बघत होते. त्यांनी रंधा खाली ठेवला. लेकीच्या अंगठ्यावरून पाणी ओघळत होतं, ‘हो’वर बुरशीचा मऊ ठिपका आला होता. बाबांनी स्वतः पुढे होऊन दुसरी दाबली, तिसरी दाबली. मग ते भुशातच बसले.

"तिनं सांगितलं होतं मला," ते म्हणाले. "दरवर्षी सांगितलं. तरी मी माझंच घोडं दामटलं."

"बाबा, उठा."

"मी नासवल्या गं, ढमे. एवढी एकच वस्तू दिली होती तिनं, ती मी माझ्या हातानं नासवली."

ते रडले. लेकीनं त्यांना इतकं मोकळं रडताना आईच्या वेळीही पाहिलं नव्हतं. तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि स्वतःही रडून घेतलं. नंतर पदरी जे उरलं होतं त्याचा विचार करायला हवा होता, आणि तो तिलाच करायला लागणार होता.

"तीन गेल्या," ती नाक पुसत म्हणाली. "चारांचं सूप होईल, गाळून फ्रीजमध्ये ठेवता येईल. दोन चांगल्या आहेत. त्यांतली एक आज भाजूया."

"नको."

"बाबा, आणखी दोन आठवड्यांनी त्याही जातील."

"तिच्या अक्षरावर सुरी चालवू? तू चालवशील?"

"मी नाही चालवू शकत. माझं नाव नाहीय त्यावर. जिच्यावर ज्याचं नाव, ती त्यानंच खायची. आईनं यंदा तुम्हाला नऊ दिल्या आणि तुम्ही एकही खाल्ली नाहीत. चहा-पावावर जगताय. तिला काय वाटेल?"

लेक उठली, खिडकीजवळची एक कंगोरी उचलली आणि स्वयंपाकघरात गेली. नियम नियम म्हणत होती खरी, पण ओट्यावर कंगोरी ठेवून तिनं मोठी सुरी काढली. कुठूनतरी सुरुवात व्हायला हवी होती. कंगोरीची साल म्हणजे दगड. सुरी कंगोऱ्यावर घसरते, म्हणून ती खाचेतच धरावी लागते. तिनं टोक धरलं ते नेमकं ‘अ’ आणि ‘हो’च्या मधल्या खाचेत.

"तिथे नको!"

बाबा दारात होते. त्यांनी तिच्या हातून सुरी काढून घेतली. कंगोरी उचलली, डोळ्यांसमोर धरली, फळी सरळ आहे का बघावं तशी फिरवली. दहा कंगोरे, दहा खाचा, त्या मोजल्या. मग दोन्ही अक्षरं एकाच बाजूला राहतील अशी खाच निवडून तिच्यावर सुरी ठेवली, खाली फडक्याची घडी सरकवली आणि हाताच्या तळव्यानं सुरीच्या पाठीवर एकच ठोका दिला. कंगोरी कट्कन उघडली. आत पिवळाधमक गर होता, एकही दोरी सुटली नव्हती.

"चांगली आहे," बाबा म्हणाले. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या तोंडून कशाला तरी चांगलं म्हटलं गेलं.

पुढचं काम दोघांनी मिळून केलं. लेकीनं चमच्यानं बिया खरवडल्या, चोळून धुतल्या आणि फडक्यावर पसरल्या. बाबांनी अक्षरं सोडून दोन्ही अर्ध्यांच्या पाठीवरून पातळ चकती तासली, म्हणजे ताटात डुगडुगायला नकोत. ट्रेमध्ये बोटाच्या पेराएवढं पाणी, त्यात अर्ध्या पालथ्या, आणि ट्रे गरम ओव्हनमध्ये पाऊण तास. तेवढ्यात लेकीनं नारिंगी चार कंगोऱ्या कापायला बाबांपुढे ठेवल्या. पहिलीला त्यांचा हात थबकला, पण चौथीपर्यंत सरावला. त्या उकडून तिनं चाळणीतून दाबून काढल्या. वर दोऱ्यांचा गुंता राहिला, खाली गुळगुळीत गर आला, तो तिनं डब्यांत भरला. सडलेल्या तिघींना बाबांनी स्वतः मागच्या मातीत खड्डा करून पुरलं. ते आत आले तेव्हा त्यांचे हात मातीनं भरले होते आणि ते बराच वेळ नळाखाली हात धरून उभे होते.

मग तो वास आला. गराची साखर जराशी करपते तेव्हाचा, भिंतीत मुरून बसलेल्या कितीतरी थंडीच्या दिवसांचा. लेक ओव्हनसमोर उभीच राहिली. आत्ता आई हात पुसत मागून येईल आणि म्हणेल, "सारखं दार उघडू नकोस गं, ढमे." इतका घट्ट होता तो वास, की तिनं मागे वळूनही बघितलं. मागे बाबा होते, तेही दाराकडेच बघत होते.

सळई टोचून बघितली तर लोण्यात शिरावी तशी शिरली. तिनं अर्ध्या उलथून सरळ केल्या, गराला चिरा दिल्या, लोणी, साखर आणि मिरपुडीची चिमूट घातली आणि आणखी दहा मिनिटं आत ठेवल्या. टेबलावर ताट मांडलं. अक्षरांची अर्धी तिनं बाबांपुढे ठेवली. साल काळपट पडली होती, पण ‘अहो’ उठून दिसत होतं.

बाबा बसले. चमचा हातात घेतला आणि तसेच थांबले. लोणी चिरांमधून वितळत होतं.

"आता काय झालं?" लेकीनं विचारलं. "सगळ्या तुमच्याच नावाच्या आहेत. तिला वाटलं असेल, आता घरात खाणारे तुम्ही एकटेच. एवढाच अर्थ असेल त्याचा."

"नाव नाहीय ते," बाबा म्हणाले.

"मग?"

"हाक आहे."

ते चमच्याकडे बघत बोलायला लागले. "मी पुढे रंधा मारत असायचो. ही इथून हाक मारायची, अहो, जेवायला चला. मला ऐकू यायचं. अगदी स्वच्छ यायचं. पण हातातली फळी पुरी करायची असायची. पहिल्या हाकेला मी कधी ओ दिली नाही, ढमे. एकदाही नाही. ती दुसरी मारायची, मग तिसरी. मी येईपर्यंत ताटातलं गार व्हायचं, तिचंही, कारण ती माझ्यासाठी थांबलेली असायची. आणि कधी चकार शब्द बोलली नाही."

लेकीला आठवलं. कितीदा तरी ती स्वतः आईचा निरोप घेऊन पुढच्या खोलीत गेली होती आणि "आलोच म्हणाले" असा उलटा निरोप घेऊन आली होती.

"तोडताना एकेक पान उचलत गेलो," बाबा म्हणाले. "एक झाली, दोन झाल्या, सहा झाल्या. नऊ झाल्या तरी मला कळलं नाही, ते आत्ता कळतंय. आपण नसलो की हा माणूस जेवायला उठणार नाही, हे तिला ठाऊक होतं. एका हाकेनं तर मुळीच उठणार नाही. म्हणून एवढ्या मारून ठेवल्या तिनं. आणि मी काय केलं, तर त्याही वाळत घातल्या."

लेकीनं ताट त्यांच्याकडे जरा आणखी सरकवलं.

"ओ," बाबा म्हणाले. हळू, पण नीट ऐकू जाईल असं. "आलो गं."

आणि वाफ निघत होती तोवरच त्यांनी पहिला घास घेतला.